टाचेला बंद

बेलेंमध्ये भेटायचं ठरलं की लोक एवढंच विचारतात :
पावसाआधी, की पावसानंतर?
माझी पाळी अडीचला सुरू होते,
म्हणजे ऐन पावसात.

ग्वामापासून टपालाच्या छाननीघरापर्यंत चाळीस मिनिटं.
सायकल चुलतभावाची, मागचा ब्रेक नावापुरता,
थांबायचं तर पाय टेकायचा.
तेव्हा पायात काय, हा प्रश्न माझ्यासाठी
शोभेचा नाही.

आधी गमबूट घेऊन पाहिले.
पाणी गुडघ्यावरून ओघळलं, वरून शिरलं
आणि आतच राहायला आलं.
पायडल मारावं तशा दोन घागरी वर-खाली.
मग ऊन पडलं. पाय बाहेर काढले
ते उकडलेल्या रताळ्यासारखे.

कॅनव्हासचे गुरुवारी भिजले, रविवारीही ओलेच.
आईनं काठीनं उचलून अंगणात टाकले,
कुत्र्यानं हुंगले, आणि तोही लांब जाऊन बसला.

कातडी जोड्याला आठ दिवसांत
हिरवी मिशी फुटली.

मग सपाता. सगळं शहरच सपातांवर चालतं.
पण चालतं.
आंब्यांच्या रांगेखाली, पडलेल्या फळांचा
रस्त्यावर बुळबुळीत लेप,
समोरून बस, मी पाय टेकला :
सपाता पुढे, पाय मागे,
मी मधे कुठंतरी.
गटारातून ती होडीसारखी डुलत गेली,
वळणावर दिसेनाशी झाली.
अंगठ्याचं नख तिच्याबरोबर गेलं की नाही, पाहिलं नाही.

ओस्मारीनो जोडे शिवतो, बंधाऱ्याजवळ, फळीवर बसून.
त्यानं सपाता बघितलीच नाही, पाऊल हातात घेतलं,
बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या बघितल्या,
च्‌ च्‌ केलं.
"पाणी अडवायला निघालीस होय?
भरतीला नदीच रस्त्यावर येते इथं.
येईल ते येऊ दे. जायला भोक ठेव."
मग बोटं मोडत सांगितलं :
पुढं बोटं झाकलेली,
तळाला खाचा, पण खोल नकोत, चिखल घर करतो,
आणि टाचेला बंद. टाचेला बंद नसेल
तर माझ्याकडे रडत येऊ नकोस.

तीन हप्त्यांत दिले त्याचे पैसे.
डावं बकल गंजलं, तिथं आता मासेमारीचा दोरा आहे,
त्याचीच गाठ, ओल्यात अजून घट्ट बसते.

छाननीघराचा नियम मात्र काळ्या बंद बुटांचा.
दोना इव्हानिल्दी दारात उभी राहून आधी पाय बघते,
मग तोंड.
म्हणून 'पत्ता अपूर्ण'च्या गठ्ठ्यामागे
खणात माझी एक कोरडी जोडी.
सँडल खिडकीच्या गजाला उलटी टांगलेली,
थेंब थेंब बाहेरच्या केळीवर.

बसवाल्यांचा संप झाला त्या मंगळवारी
ती भाचीच्या सायकलवर आली.
टाचांचे बूट हँडलला अडकवलेले,
पावलं उघडी, चिखलानं माखलेली,
एका तळव्यातून लाल.
दारात उभी राहिली. आज बघायला
तिथं दुसरं कोणी नव्हतं.

मी खण उघडला.
माझं माप तिच्याहून दोन अंक मोठं.
दिवसभर तिच्या मागे फटक फटक आवाज,
आणि टेबलाखाली माझे अनवाणी पाय,
पांढरे, सुरकुतलेले,
गार फरशीवर पसरून बसलेले.
कोणी काही बोललं नाही. मीही पत्रं लावत राहिले,
बेन्फिकाची इकडे, मोस्केइरोची तिकडे.

शुक्रवारी जोडी खणात परत आली.
आभाराची चिठ्ठी नाही.
आत मात्र कालच्या वर्तमानपत्राचे बोळे,
बोटांपर्यंत ठासून,
भिजल्या बुटांना भरतात
तसे.